टक, ना आणि थिरकवा

आधीच कबूल करून टाकते. मी कॉन्व्हेंटची आहे. दहावीपर्यंत मराठी हा माझा टक्केवारी खाली खेचणारा विषय होता आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं भांडण आहे. त्यामुळे मॅगझीनच्या मराठी विभागासाठी मी लिहितेय हे कळल्यावर माझी रूम पार्टनर जशी हसली, तसं तुम्हालाही हसू आलं असेल तर माफ आहे. शुद्धलेखन तपासायचं संपादकांनी कबूल केलंय. बाकीच्या चुका माझ्या.

लेख एका तबलजीवर आहे. पण मला तबल्याकडे जायला ड्रम्सवरून जावं लागलं, त्यामुळे तुम्हालाही तसंच यावं लागणार. इलाज नाही.

आपल्या कॉलेजच्या बँडमध्ये मी ड्रम्स वाजवते. (हो, ती मीच. तक्रारी रेक्टर मॅडमकडे द्याव्यात, त्यांच्याकडे ऑलरेडी एक फाईल आहे.) गॅदरिंगसाठी आम्ही एक संथ गाणं बसवायला घेतलं. जोरात वाजवायचं असतं तेव्हा माझं सगळं ठीक चालतं. पण संथ गाण्यात स्नेअरवर धाडधाड काठी मारून चालत नाही, तिथे क्रॉस-स्टिक लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काठी उलटी धरायची, बारीक टोक स्नेअरच्या स्किनवर ठेवायचं, तळवा हलकाच टेकवायचा आणि काठीचा जाड भाग उचलून धातूच्या रिमवर पाडायचा. टोक जागचं हलत नाही, मागचा भाग दारासारखा उघडतो आणि मिटतो. नीट पडलं तर कोरडा, लाकडी, स्वच्छ असा टक येतो. जुन्या हिंदी सिनेमातल्या हळुवार गाण्यांत मागे कुठेतरी घड्याळासारखं टक वाजत असतं ना, तो आवाज.

माझा यायचा थप. ओल्या टॉवेलवर पट्टी मारल्यासारखा.

दीड महिना मी तो टक शोधत होते. काठ्या बदलल्या. व्हिडिओ बघितले, प्रत्येकात एक दाढीवाला माणूस एका सेकंदात तो आवाज काढून दाखवायचा आणि मनगट सैल सोडा असं सांगून मोकळा व्हायचा. शेवटी एका रिहर्सलला साऊंडवाला स्टेजवर आला आणि अगदी सभ्यपणे सांगून गेला की मॅडम, हा आवाज माइक लावूनसुद्धा तिसऱ्या रांगेत पोचणार नाही, गाणं बदला. त्याच आठवड्यात एम-थ्रीचा निकाल लागला. त्यात मला के.टी. लागली. घरून फोन आला. ड्रम्स बंद कर असं बाबा स्पष्ट म्हणाले नाहीत, फक्त काठ्या घरी आणून ठेव म्हणाले. म्हणजे तेच.

मेसमधल्या मावशींना हे सगळं माहीत असतं. आपल्या हॉस्टेलमध्ये असं काही नाही जे मावशींना माहीत नसतं. त्या मंगळवार पेठेत राहतात. त्यांच्या गल्लीत एक म्हातारे सर तबला शिकवतात, त्यांना एकदा हात दाखव म्हणाल्या. डॉक्टरला दाखवतात तसं.

रविवारी गेले. खासबागेच्या बाजूनं पेठेत शिरलं की तालमी लागतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर फुटबॉल. त्या दिवशी पाटाकडीलची मॅच होती, बहुतेक जिंकले असावेत, कारण गल्लीत हलगी कडाडत होती. सरांची खोली पहिल्या मजल्यावर. मी बॅगेतून काठी काढली, त्यांच्या टेबलाच्या कडेवर वाजवून दाखवली आणि प्रॉब्लेम सांगितला. सरांनी काठीबद्दल एक अक्षर काढलं नाही. समोर तबला ठेवला आणि ना वाजवायला सांगितलं.

तबल्याच्या पुडीवर तीन भाग असतात. मधली काळी शाई, बाहेरची पट्टी म्हणजे चाट किंवा किनार, आणि दोन्हींच्या मधली लव किंवा मैदान. ना वाजतो किनारीवर, तर्जनीनं. पण खरी गंमत अनामिकेची आहे. ती शाईच्या कडेला हलकीच टेकलेली पाहिजे. दाबायची नाही आणि उचलायचीही नाही. ती दाबली तर आवाज मरतो, उचलली तर भलताच सूर गुणगुणत राहतो. एक बोट स्थिर, दुसरं मोकळं. मला लगेच कळलं की ही माझीच क्रॉस-स्टिक आहे. काठीचं टोक म्हणजे अनामिका, रिम म्हणजे किनार. आणि मी दीड महिना फक्त आपटणाऱ्या बाजूकडे बघत होते, टेकलेल्या बाजूकडे लक्षच नव्हतं.

कळलं म्हणजे जमलं नाही हं. पहिल्या रविवारी तासभरात फक्त एक ना बरा आला, तोही चुकून.

निघताना सरांनी विचारलं, थिरकवा ऐकलाय का? मी नाही म्हटलं. त्यांनी नातवाचा मोबाईल मागवून घेतला आणि एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. खरखर होती, मधूनच लोकांचा वाहवा ऐकू येत होता. पण त्या खरखरीच्या वर प्रत्येक ना सुटा, स्टीलच्या वाटीवर मणी पडावा तसा. मी आठ वाजायच्या आत हॉस्टेल गाठायचं म्हणून पळत खाली उतरले, पण डोक्यात तो आवाज राहिला. मग लायब्ररीत (आपल्या नव्हे, गावातल्या) बसून जे वाचलं आणि सरांकडून जे ऐकलं, ते पुढे.

उस्ताद अहमदजान थिरकवा मूळचे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे. जन्मसाल पुस्तकागणिक बदलतं, पण १८९२ हे बऱ्याच ठिकाणी सापडतं. घर वादकांचंच. वडील सारंगी वाजवायचे, नात्यात तबलजी होते. लहानपणी त्यांना गाणं आणि सारंगी शिकवायला सुरुवात झाली होती, पण पोराचा जीव तबल्यात अडकला. बारा वर्षांच्या आसपास त्यांना उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे सोपवलं. मुनीर खाँ मेरठकडच्या लालियाना गावचे, पण त्यांचा मुक्काम मुंबईत. त्या काळी मुंबईत पैसेवाले शौकीन होते, नाटकं होती, मैफली होत्या, म्हणून उत्तरेतले उस्ताद इकडे येत. आपण प्लेसमेंटसाठी पुण्याला जातो त्यातलाच प्रकार.

नाव खरं तर नुसतं अहमदजान. थिरकवा हे टोपणनाव. सांगतात ते असं, की मुनीर खाँसाहेबांचे वडील काले खाँ यांनी या पोराला रियाज करताना पाहिलं आणि याची बोटं तबल्यावर थिरकतात, म्हणजे नाचतात, असं काहीतरी म्हणाले. तेच चिकटलं. आपल्याकडे फर्स्ट इयरला चिकटलेलं टोपणनाव बी.ई.पर्यंत जात नाही, याचं तर शंभर वर्षं टिकलं. पद्मभूषण मिळालं तेही त्याच नावाला.

मुनीर खाँकडे काय शिकले हे समजायला थोडं टेक्निकल लागतं, कंटाळू नका. तबल्याची घराणी असतात आणि प्रत्येकाचा बाज, म्हणजे वाजवायची पद्धत, वेगळी. दिल्लीचा बाज किनारीचा. तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावरच मुख्य काम, आवाज छोटे, स्वच्छ, कापल्यासारखे. पूरबेकडचा, म्हणजे लखनौ-फरुखाबादचा बाज जास्त खुला. त्यात लव, थाप, हाताचा पंजा हे सगळं येतं, आवाज गोल आणि मोठा. मुनीर खाँनी बऱ्याच उस्तादांकडून विद्या गोळा केली होती, त्यामुळे त्यांच्या शिष्यांना दोन्ही मिळालं. थिरकवांना लोक फरुखाबाद घराण्याचे म्हणतात. पण दिल्लीचा कायदा वाजवायला घेतला की ते किनार सोडत नाहीत आणि पूरबची गत घेतली की हात उघडतो. दोन्ही भाषा येतात आणि खिचडी होत नाही. माझ्या मराठी-इंग्लिशबद्दल असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्यांच्या रियाजाच्या गोष्टी खूप आहेत आणि त्यातल्या तासांचे आकडे प्रत्येक सांगणाऱ्याबरोबर वाढत जातात, म्हणून मी देत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. नाव झाल्यावरही ते मुनीर खाँकडे शिकत राहिले. एक-दोन नाही, कितीतरी वर्षं. आपल्याकडे सेमिस्टर संपलं की विषय डोक्यातून डिलीट.

आता मराठी माणसाचा संबंध. हा भाग मला सगळ्यात आवडला.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे तिचे मालक. यातले गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचे, सांगवड्याचे, पेटीवर त्यांचा हात असा की ऐकणारे गाणं विसरायचे. ते पुढे या कंपनीतून बाहेर पडले. बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू, ‘द्रौपदी’मधली द्रौपदी. पुरुष साडी नेसून उभा राहायचा आणि महाराष्ट्रातल्या बायका त्याच्यासारखं नेसायला शिकायच्या. आणि खर्च! खरे गालिचे, खरे दागिने, अत्तर. कंपनीवर कर्ज कायम. त्याच उधळेपणात त्यांनी साथीलाही देशातले बडे लोक ठेवले. सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा.

म्हणजे बघा, उत्तरेतला खानदानी उस्ताद, मराठी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव. आज पुणे, उद्या मिरज, परवा हुबळी. रात्री नऊ-दहाला पडदा वर जायचा आणि पदांना वन्समोअर मिळत गेले की नाटक पहाटेपर्यंत चालायचं. अशी एक-दोन वर्षं नाहीत, बरीच वर्षं त्यांनी काढली.

इथे मी थोडी अडले. थिरकवांसारखा माणूस नाटकात काय वाजवणार? पद असतं तीन-चार मिनिटांचं, वन्समोअर मिळाले तर आणखी थोडं. त्यात तबलजीचं काम ठेका धरायचं. त्रिताल, दादरा, केरवा. ज्याच्याकडे शेकडो कायदे, गती, तुकडे साठवलेले आहेत त्यानं रात्रभर धा धिं धिं धा? मी सरांना हे विचारलं. सर म्हणाले, ठेका वाजवून बघ. मी वाजवला. चार आवर्तनांत मला काहीतरी फिरवाफिरवी करावीशी वाटायला लागली. आमचा गायकही माझ्याबद्दल हेच म्हणतो, की ही मध्ये मध्ये खूप बोलते. तोंडानं नव्हे, टॉमवर.

ठेका म्हणजे लपायला जागा नसते. तोच ना, तोच धा, परत परत, आणि प्रत्येक वेळी त्याच वजनाचा. एखादा भरकटला तर ताबडतोब ऐकू येतो. बालगंधर्वांची गाण्याची रीत अशी की शब्द लांबवत, लयीच्या मागे-पुढे खेळत, नेमकं समेवर यायचं. त्यांना खाली जमीन पक्की हवी. ती जमीन थिरकवा देत. बालगंधर्वांबद्दल त्यांना शेवटपर्यंत फार प्रेम होतं, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सगळेच सांगतात.

आणि माइक नव्हते! हे माझं स्वतःचं लॉजिक आहे, पुस्तकात शोधू नका. कंपनीच्या भरभराटीच्या काळात नाट्यगृहात लाऊडस्पीकर नव्हता. माणसाचा आवाज आणि तबला, दोन्ही शेवटच्या बाकापर्यंत आपल्या जोरावर पोचवायचे. आता आवाज मोठा करायचा म्हणून तबलजीनं जोरात बडवलं तर गाणारा झाकला जातो. मग उरतं काय? आवाज मोठा न करता स्वच्छ करायचा. टोकदार, सुटा आवाज कमी ताकदीतही लांब ऐकू जातो. आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि किनारीवरच्या आघातातली चमक त्या बाजूची. मला साऊंडवाल्यानं तिसऱ्या रांगेचं जे सांगितलं, त्याचं उत्तर या माणसाकडे शंभर वर्षांपूर्वीच होतं.

आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात एकदा तरी जाऊन असा टक वाजवून बघायची माझी इच्छा होती. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते जुनं पॅलेस थिएटर, १९१५ चं, म्हणजे बिनमाइकच्या जमान्यातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी तेव्हा ड्रम्सला नुसता हात लावत होते. हॉस्टेलच्या गच्चीवरून मुली लाल झालेलं आकाश दाखवत होत्या आणि मला ते थिएटर आतून कसं होतं हेही माहीत नव्हतं. अजून क्लासला जाताना तिकडे मान वळते.

तर परत खाँसाहेब. १९३१ साली सिनेमा बोलायला लागला. पुढच्याच वर्षी प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो इथेच, कोल्हापुरात, आणि त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं. म्हणजे ज्या कोल्हापूरकरानं गंधर्व कंपनी काढायला हात लावला, त्याचाच हात नाटक कंपन्यांना मागे टाकणाऱ्या सिनेमालाही लागला. लोक तिकडे वळले. कर्ज होतंच. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ झाले, पुरुषवेषात, कॅमेऱ्यासमोर. जुनी गंधर्व कंपनी तिथे संपल्यासारखीच झाली. नोकरी गेली की उस्ताद काय किंवा सॉफ्टवेअरवाला काय, दुसरीकडे बघावंच लागतं. त्याच सुमारास थिरकवा रामपूरच्या नवाबांच्या दरबारात गेले.

रामपूरबद्दल मी भराभर सांगते. नवाब रझा अली खाँ संगीताचे मोठे शौकीन, दरबारात मोठे मोठे कलावंत. तिथे थिरकवांना मान, स्थैर्य आणि मोठमोठ्या गायकांची साथ मिळाली. आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसारख्यांच्या मैफलीत त्यांचा तबला असे. १९४९ मध्ये रामपूर संस्थान विलीन झालं आणि दरबार ही गोष्टच उरली नाही. म्हणजे एका आयुष्यात दोनदा, आधी कंपनी गेली, मग दरबार. पायाखालची सतरंजी ओढायची आणि पुन्हा तालात बस म्हणायचं.

तिसऱ्यांदा ते मास्तर झाले. लखनौला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं १९२६ साली निघालेलं संगीत महाविद्यालय होतं, पुढे त्याला भातखंड्यांचंच नाव मिळालं. तिथे खाँसाहेब तबला शिकवायला लागले. गुरूच्या घरी राहून शिकलेला माणूस वर्गात, हजेरीपटासमोर, घंटेप्रमाणे! त्यांना सिलॅबस कसा वाटला असेल याचा विचार करून मला जरा बरं वाटतं.

शिष्य पुष्कळ झाले. त्यातली एक वाट सरळ आपल्या गावात येते. गुणीदास जगन्नाथबुवा पुरोहित हे आग्रा घराण्याचे मोठे गायक-गुरू, पुष्कळ वर्षं कोल्हापुरात राहून त्यांनी शिष्य तयार केले. ते गायचे, पण तबला शिकले थिरकवांकडे. त्यांच्याकडे इथेच शिकलेले भाई गायतोंडे पुढे स्वतः खाँसाहेबांकडे गेले आणि देशभर नावाजले गेले. गायतोंडे २०१९ मध्ये वारले. म्हणजे मंगळवार पेठेतल्या पहिल्या मजल्यावर माझ्या तर्जनीला जो ना शिकवला जातोय, तो मुरादाबादहून मुंबईमार्गे नाटकाच्या सामानाच्या गाड्यांतून आलाय. सर स्वतः असला दावा करत नाहीत. ते फक्त परत वाजव म्हणतात.

आता इंजिनिअरांसाठी एक परिच्छेद, नाहीतर आमचे एच.ओ.डी. सर म्हणतील पोरीनं एवढं लिहिलं आणि एक आकृती नाही. साध्या गोल पडद्यावर आघात केला की त्यातून निघणाऱ्या कंपनांची प्रमाणं १, १.५९, २.१४ अशी वेडीवाकडी येतात, म्हणून साधा ढोल सूर देत नाही, नुसता धम्म करतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की मृदंग-तबल्याच्या पुडीवरच्या शाईमुळे हीच प्रमाणं जवळपास १, २, ३, ४, ५ होतात, म्हणजे तारेच्या वाद्यासारखी. पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी ते नमुने बघितले. १९३४ मध्ये या विषयावर त्यांनी मोठा निबंध लिहिला. नोबेल मधल्या काळात, १९३० ला, वेगळ्याच कामासाठी. ना वाजवताना शाईच्या कडेला टेकलेली अनामिका मूळ सूर दाबते आणि वरचे सूर मोकळे सोडते. ज्यांनी पहिल्यांदा शाई लावली आणि बोट टेकवलं त्यांनी समीकरण मांडलं नव्हतं, कान लावला होता.

हे वाचल्यावर मी माझी काठी घेऊन व्हायब्रेशन्सच्या नोट्स काढल्या. दोन्ही टोकं मोकळी असलेला एकसारखा दांडा पहिल्या मोडमध्ये थरथरतो तेव्हा त्याच्या दोन जागा स्थिर असतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. झायलोफोनच्या पट्ट्या तिथेच टेकवतात. माझी काठी १६ इंचांची, म्हणजे साधारण साडेतीन इंच. काठी काही एकसारख्या जाडीची नसते, पण अंदाज आला. मी तिला मधोमध मुठीत आवळत होते, जिथे ती हलू बघते. म्हणजे मीच तिचा गळा दाबत होते. बोटं टोकाकडे सरकवली, पकड सैल केली, तळवा नुसता टेकवला. मग काठी रिमवरून अर्धा-अर्धा इंच पुढे-मागे करून बघितली. एका जागी टक आला. तिथे पेन्सिलनं रेघ मारली.

या विषयात मला लेखी परीक्षेत किती मार्क पडले ते विचारू नका.

खाँसाहेबांचं शेवटचं पर्व. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते आणि तरीही सोलो वाजवत होते. सरांच्या नातवाच्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग उतारवयातलंच आहे. त्यात ते आधी बोल तोंडानं म्हणतात, आवाज थकलेला, दातांमधून हवा जाते. मग हात पडतो आणि हात थकलेला नाही. वेग काही भयंकर नाही, आजचे कितीतरी तरुण तबलजी त्याच्या दुप्पट वाजवतात. पण दोन बोलांच्या मध्ये जी शांतता आहे ती कुणी घाईत भरून टाकत नाही. मी ते आता रोज रात्री इअरफोन लावून ऐकते. रूम पार्टनरला वाटतं मी बॉयफ्रेंडशी बोलतेय.

१३ जानेवारी १९७६ ला लखनौत ते वारले. बालगंधर्व त्याआधी, १९६७ मध्ये, गेले होते. त्या नाट्यगृहांतली बाकं कुठे गेली, पदांना वन्समोअर देणारे लोक कुठे गेले... असो. असं लिहायला लागले की माझा आवाज निबंधासारखा येतो.

गॅदरिंग पुढच्या शुक्रवारी आहे. गाणं बदललेलं नाही. काल रिहर्सलला साऊंडवाल्यानं स्नेअरचा फेडर थोडा खाली ओढला, कारण टक जरा जास्तच पुढे येत होता. त्यानं काही कमेंट केली नाही, मीही केली नाही, पण तो फेडर खाली जाताना मी बघितला. एम-थ्रीचा फॉर्म भरलाय, बाबांना तसं कळवलंय, काठ्या मात्र अजून हॉस्टेलमध्येच आहेत.

सरांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. एवढ्या मोठ्या आवाजात बसवत नाही म्हणाले, येणार नाहीत. मग काठी हातात घेऊन त्यांनी ती कानाजवळ नेली, नखानं दोन-तीन ठिकाणी वाजवून बघितली, पेन्सिलच्या रेघेवर जरा थांबले आणि लाकूड कुठलं असतं हे, असं विचारलं. हिकरी, मी सांगितलं. त्यांनी काठी परत दिली आणि तबला माझ्याकडे सरकवला. अनामिका अजून उचलली जाते तुझी, म्हणाले.